वगळलेलं कलम

ती घटना आजही आठवते, ती एका साध्या प्रश्नामुळे. शहागंजातले एक काचसामानवाले चाचा सकाळी ठाण्यात आले, थेट माझ्या खोलीपाशी येऊन आदबीनं म्हणाले, "साहेब, आमचा डब्बा परत कवा देता?"

कसला डबा, मला काहीच कळेना. कॅमेऱ्याचा, ज्यात रेकॉर्डिंग होतं तो, चाचा म्हणाले. नवीन कायदा झालाय असं सांगून तुमचा माणूस शुक्रवारी घेऊन गेला, गल्लीतल्या आणखी दोघांचेही नेले. चाचा तक्रार करायला आलेच नव्हते. कायदा आहे म्हटल्यावर द्यायलाच पाहिजे, फक्त पोचपावती राहिली, म्हणून चौकशीला आले होते. मी ठाण्याची डायरी पाहिली, सगळ्यांना विचारलं. आमचं कुणीही त्या गल्लीत गेलं नव्हतं.

इथं माझी एक खोड सांगावी लागेल. अधिवेशन सुरू झालं की पोलिसांशी, गुन्ह्यांशी, सार्वजनिक सुरक्षेशी संबंध असलेलं प्रत्येक विधेयक मी मुळापासून वाचायचो आणि संध्याकाळी जेवताना मोबाइलवर सभागृहातली चर्चा ऐकायचो. कायदा शेवटी आमच्याच टेबलावर येऊन पडणार, मग तो कुठून कसा आला हे बघायला काय हरकत? ठाण्यात त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा चालायची. साहेबांना तिकीट पाहिजे दिसतंय, असं आमचे एक हवालदार माझ्या तोंडावर म्हणायचे. बायको म्हणायची, घरात दोनच पक्ष आणि तुम्ही कायम विरोधात.

तर दुकानांतल्या कॅमेऱ्यांबद्दलचं ते विधेयक मी चांगलं वाचलं होतं. विधानसभेत ते मंजूर झालं होतं खरं. पण विधान परिषद बाकी, राज्यपालांची सही बाकी, राजपत्रात छापून येणं बाकी. म्हणजे कायदा अजून झालाच नव्हता. आणि मजा अशी, की रेकॉर्डिंगचे डबे तपासणीसाठी ठाण्यात जमा करायचे हे कलम मांडलेल्या मसुद्यात होतं, पण सदस्यांनी आरडाओरडा केल्यावर ते वगळलं गेलं. पेपरात आलं होतं एवढंच, की विधेयक मंजूर. मग हे वगळलेलं कलम त्या तोतयाला शिकवलं कुणी?

चाचांना चहा सांगितला आणि गल्ली नेमकी कोणती ते विचारलं. गल्लीचं नाव ऐकलं आणि माझी नजर खिडकीबाहेर गेली. आवारात लिंबाखाली एक जप्त केलेली रिक्षा उभी होती. पंधरवड्यापूर्वी त्याच गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला गाडीची धडक बसली होती आणि दवाखान्यात ती वारली. लोक धावले तेव्हा मुकुंदवाडीचा एक रिक्षावाला तिला उचलत होता. त्यालाच लोकांनी बदडला आणि आमच्या ताब्यात दिला. साक्षीदार ठाम, रिक्षाला पोचा, चौकातला कॅमेरा बंद, आणि साक्षीदार असताना दुकानांचे कॅमेरे बघायचं आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं. त्याला जामीन मिळाला, पण रिक्षा आणि लायसन आमच्याकडे, आणि दोषारोपपत्र जवळजवळ तयार. तो रोज यायचा, फडकं घेऊन रिक्षा पुसायचा, आणि जो भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवायचा, "म्या उचललं तिला, उडवलं नाय." रोज ऐकून आम्हाला त्याची सवय झाली होती.

आता एवढ्या मोठ्या बाजारातले तीनच डबे, आणि तेही त्याच गल्लीच्या तोंडाचे? मला काही चैन पडेना. साध्या कपड्यात मी गल्लीत गेलो.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जातात. शटर ओढत नाहीत. समोरच्या टेलरला नुसती हाक मारतात, आणि टेलर मशीन चालवता चालवता दुकानावर नजर ठेवतो. शेजारचा दुकानदार नाही, समोरचा टेलरच. फार वर्षांची रीत आहे ती. टेलरची बायको आजारी असली की चाचा त्याची गिऱ्हाइकं सांभाळतात. तोतया नेमका त्याच वेळी आला होता. मी टेलरला विचारलं, तो माणूस आधी कुठं गेला? टेलर म्हणाला, "कुठंच नाय. सरळ माझ्याकडं आला. चाचांचं दुकान तुमच्याकडं हाय ना, म्हणला."

परका माणूस आधी रिकाम्या दुकानात डोकावला असता, हाका मारल्या असत्या, मग शेजाऱ्याला विचारलं असतं. हा सरळ टेलरकडे. म्हणजे पाठवणारा गल्लीतलाच. परत चाचांकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखं केलं, की त्या कायद्याचं तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? चाचा म्हणाले, आमच्या व्यापारी संघाच्या सचिवांनी. बैठकीत अख्खा मसुदा वाचून दाखवला, हरकतीही पाठवल्या, लई हुशार माणूस. सचिव म्हणजे त्याच गल्लीतले कापडाचे ठोक व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणायचे. त्यांचा स्वतःचा टेम्पो होता आणि पडेगावला गोदाम होतं.

मी शेठना ठाण्यात बोलावलं. दरडावणं नाही, काही नाही. माझा अनुभव असा, की हुशार माणसाला घाबरवलं तर तो गप्प बसतो, आणि त्याच्या आवडीच्या विषयावर बोलू दिलं तर थांबत नाही. मी म्हटलं, शेठ, या विधेयकात मला जरा मदत करा. ते खुलले. एकेक कलम समजावून सांगायला लागले, डबे जमा करण्याचंही सांगितलं.

मी म्हटलं, "ते कलम वगळलं, शेठ. सभागृहातच वगळलं. तुम्ही पुढची चर्चा ऐकली नाहीत वाटतं."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला आमच्या तांत्रिक शाखेतल्या पोरीनं सांगितली होती. डबे जागेवर चालू राहिले असते तर नव्या रेकॉर्डिंगनं जुनं आपोआप पुसलं गेलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. डबा बंद करून बाजूला ठेवला की आत आहे ते तसंच राहतं.

शेठ म्हणाले, "पडेगावला गोदामात आहेत. फेकून देणार होतो. शेजाऱ्यांची वस्तू, फेकवली नाही."

दोन पंच घेऊन आम्ही निघालो. साड्यांच्या गठ्ठ्यांमागं तिन्ही डबे सापडले, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेले. पंचनामा करून सील केले, प्रयोगशाळेत पाठवले. चाचांच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. शेठ स्वतः टेम्पो मागं घेत होते, बाई मागं बसलेली, टेम्पो क्षणभर थांबला आणि निघून गेला. मग रिक्षा आली. रिक्षावाला उतरला, इकडंतिकडं कुणी दिसेना, एकटाच तिला उचलायला लागला. ते बघताना माझी चेष्टा करणारे हवालदार उठून बाहेर गेले. तोतया निघाला शेठचा परगावचा मेहुणा. दोघांवर रीतसर गुन्हा दाखल झाला.

मला शेठचा राग आला, आजही येतो. रोज ज्यांच्यासोबत चहा प्यायचा त्यांची कायद्यावरची श्रद्धा त्यांनी वापरली, आणि एका निरपराध माणसाला फडकं घेऊन ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावल्या. तरी डबे त्यांना फेकवले नाहीत, याचंही नवल वाटतं. माणूस पूर्ण कळला असं मी नोकरीत कधीच म्हणालो नाही, ते अशांमुळेच.

निवृत्तीनंतरही अधिवेशन मी सोडत नाही. ते विधेयक पुढं सगळे टप्पे पार करून कायदा झालं. आता कुठलंही कलम वाचताना मला आधी तो रिक्षावाला दिसतो. हे कलम त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हा त्याचं काय होईल, एवढंच मी बघतो.

कोर्टाच्या आदेशानं रिक्षा परत दिली, त्या दिवशी चाचा आणि टेलर पेढे घेऊन आले होते. मी रिक्षावाल्याला विचारलं, पुन्हा कुणी असं रस्त्यात पडलेलं दिसलं तर थांबशील का? त्यानं फडकं घडी करून सीटखाली ठेवलं.

"थांबीन की साहेब," तो म्हणाला. "पण आधी वर बघीन, कॅमेरा हाय का."