शेवटच्या पंगतीचं चायनीज

“आधी ही माणसं उठू देत, मग मी खातो.”

“चाचा, ही माणसं आपली न्हाईत. तुमी तुमचं खावा की. गार व्हायला लागलंय.”

“हूं दे.”

बारामतीच्या मॉलमध्ये, पार वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात, बादशाहचाचा खुर्चीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात व्हेज हक्का नूडल्सची प्लेट वाफा टाकत होती. शेजारी गल्लीतल्या मुजम्मिलची लेक अस्मा. तिची प्लेट निम्मी संपली होती, चाचांनी काट्याला हातसुद्धा लावला नव्हता.

निमगाव केतकीचे बादशाह भटारी म्हणजे कोण, ते तालुक्यात लग्नाचं जेवण जेवलेल्या कुणालाही विचारा. तीस वर्षं मटणाची देग, हा भला मोठा हंडा, चुलीवरनं उतरवतायत. मुजम्मिलच्या लग्नाला त्यांचाच हात, अस्मा जन्मली तेव्हाच्या अकिक्यालाही त्यांचाच. मटणातलं मीठ ते जिभेनं बघत नाहीत, वाफेवर नाक धरून सांगतात. सांगताना आजूबाजूला चार माणसं ऐकतायत ना, एवढं मात्र बघून घेतात.

आता लग्न होतं खुद्द अस्माचं. तीन वर्षं बारामतीला कॉलेज केलेली पोरगी. लग्नात चायनीज पाहिजेच म्हणून अडून बसली. तेवढ्यात बारामतीचा एक केटरर मुजम्मिलला म्हणाला, मटणापासून मंच्युरियनपर्यंत सगळं माझ्याकडं द्या, दोन-दोन माणसं कशाला? मुजम्मिल चाचांकडं गेला आणि स्वतःच्या चपलेकडं बघत म्हणाला, “चाचा, चायनीज जमत असंल तर समदं तुमचंच. न्हायतर…”

पुढचं सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या गल्लीतलं लग्न आणि चूल परक्याची, मग चाचांनी चौकात बसायचं कुठल्या तोंडानं? म्हणून इस्त्रीचा सदरा घालून, अस्माला बरोबर घेऊन, चाचा एसटीनं बारामतीला आले होते. हे चायनीज म्हणजे आहे तरी काय, ते एकदा बघावं म्हणून.

काउंटरवर त्यांनी पहिलं विचारलं, कोंबडी कापली कुणी, हलाल हाय का? काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, तिथं काही तसं लिहिलेलं नव्हतं. मग व्हेजच घेतलं. सगळा जन्म बोकडाच्या संगतीत गेलेल्या माणसापुढं असा कोबी आला.

आणि आता तो कोबी खायचाही नाही. कारण भटाऱ्यानं शेवटची पंगत उठल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही वस्तादाची शिकवण. फूड कोर्टात एक टेबल उठलं की दुसरं बसत होतं. चाचा नजर ठेवून होते. पाऊण तास गेला. अस्माचा मोबाईल बघून बघून संपला.

इकडं काउंटरमागचा आचारी कासावीस झाला होता. पांढऱ्या दाढीचा माणूस भरली प्लेट पुढ्यात ठेवून आपल्याकडंच टक लावून बघतोय, म्हटल्यावर कुणाचंही तसंच व्हावं. शेवटी हात पुसत तो बाहेर आला.

“चाचा, काय चुकलं का?”

“आणखी किती पंगती ऱ्हायल्यात?”

आचारी निघाला त्यांच्याच तालुक्यातल्या शेळगावचा, नाव अजित. त्याला हसू आलं, पण दाबलं त्यानं. म्हणाला, “हितं पंगत उठत न्हाय चाचा. शटर पडलं की मगच आमी जेवतो. तुमी आज गिऱ्हाईक, तुमी खावा.”

हेही शेवटीच जेवतात, हे ऐकून चाचांना बरं वाटलं. आपल्यातलाच माणूस. त्याच्या शब्दावर त्यांनी काटा उचलून नूडल्समध्ये खुपसला. वर काढला तर कोबी, गाजर, ढोबळी मिरचीसकट अख्खा डोंगर काट्याला लोंबकळत वर आला. अस्मा फिसकन हसली. चाचा हसले नाहीत. कडेचा एक तुकडा तोडून त्यांनी तोंडात घोळवला.

“गरम असताना चांगलं लागत असंल. पर तुझ्या लग्नात शेवटच्या पंगतीला कोण बसंल, सांग बरं?”

अस्मानं विचार केला. अम्मी, फुफी, दिवसभर वाढून दमलेल्या बाया.

“त्यांच्या पानात ह्यो गोळा वाढू?”

अस्मानं स्वतःची प्लेट बाजूला सारली. बारीक आवाजात म्हणाली, “मग ऱ्हाऊ द्या चायनीज.”

खरं तर चाचा जिंकले होते. चायनीज गेलं म्हणजे केटररही गेला. उठायचं आणि एसटी धरायची. पण चाचा उठेनात. जगात एक पदार्थ असा आहे जो आपल्या देगेत होत नाही, हे त्यांच्या घशात अडकलं होतं. आणि विचारावं तर पंचाईत. तीस वर्षं लोक त्यांना विचारत आलेले. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

“अस्मा, जरा पानी घेऊन ये जा. थंड न्हाय, साधं.”

पाण्याची बाटली टेबलावरच होती. पोरगी शहाणी, लगेच उठली. लांबून बघते तर चाचा टेबलावर वाकलेले आणि अजित हातवारे करून सांगतोय. उकडताना अर्धवटच काढायचं, वरून गार पाणी, मग तेलाचा हात लावून पसरून ठेवायचं, आणि परतायचं ते चार-चार प्लेटा, मोठ्या जाळावर. चाचा मान डोलवत होते आणि मधूनच, मला ठाऊक हाय, असंही म्हणत होते.

अस्मा परत आली तेव्हा ते पाठ टेकून बसलेले. “ह्या अजितला बऱ्यापैकी समजतं,” म्हणाले. जणू परीक्षा घेऊन पास केला होता. मग गार प्लेट त्यांनी शेवटच्या कोबीपर्यंत संपवली. भटारी अन्न टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुजम्मिलचा फोन आला तेव्हा चाचा इंदापूरला लग्नानंतरच्या एका वलिम्याच्या जेवणाच्या मांडवात होते.

“करतो की,” ते म्हणाले. “पर देगेत न्हाय. पंगत बसली की तिच्यापुरतं, कढईत, समोर. दोन कढया मांड. आन शेवटच्या पंगतीचं मी सोता परतनार, दुसरा कुणी हात लावायचा न्हाय.”

मुजम्मिलनं हरखून विचारलं, हे शिकलात कुठं?

“त्यात शिकायचं काय?” असं म्हणून चाचांनी फोन खिशात टाकला. कांद्याची दोन पोती अजून तशीच बांधलेली होती. त्यांनी एकाची सुतळी तोडली, फरशीवर कांदे ओतले आणि सुरी घेऊन खाली बसले.