आंघोळीतली लक्ष्मी

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचं एक जुनं नाणं आहे, पण घरात त्याला कुणी नाणं म्हणत नाही. ती लक्ष्मी. बनारसमधल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात आई रोज सकाळी तिला ताम्हनात ठेवून दूध, दही, मध घालते, वर गंगेचं पाणी, आणि सणावाराला चिंचेने घासून लख्ख करते. आईला हे तिच्या सासूने शिकवलं.

मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ नोएडाहून आला होता. त्याला मोबाइलवर तसलंच नाणं दिसलं, खाली 'अतिदुर्मीळ' असं लिहिलेलं. झालं! जेवता जेवता त्याने नव्या फ्लॅटचे पडदेसुद्धा ठरवून टाकले. तो गेल्यावर मी आईला घेऊन चौकातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले.

दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "रेयर तो है, बहनजी. पूरे बनारस में दूसरा शायद ही मिले."

आई हरखली.

"लेकिन इसे ढूँढ़ता कौन है?" त्याने शेजारी इंग्रजांच्या राणीचा एक रुपया ठेवला. "ये घर-घर में पड़ा है, फिर भी दाम इसका ज़्यादा. जमा करने वाले बहुत हैं, और देखिए, नाक तक साफ़ है. आपके वाले पर तो अक्षर ही नहीं बचे." मग आईकडे वळून म्हणाला, "माताजी, सिक्का धोया नहीं जाता. चाँदी का भाव दे दूँगा."

माणूस खरं बोलत होता. कमी असणं वेगळं आणि हवं असणं वेगळं, एवढं मला कुणी शिकवायला नको. बनारसमध्ये मराठी शिकवणारी मीही दुर्मीळच आहे, पण माझ्या वर्गातले बाक रिकामे असतात. मी नाणं उचललं आणि आम्ही बाहेर पडलो.

रात्री भावाचा फोन आला. स्पीकर चालू होता. "म्हणजे आईने घासून घासून वाट लावली!"

"खबरदार," मी म्हटलं. "तिने पूजा केली. तुला विकायची बुद्धी आत्ता झाली, त्याला ती काय करणार?" त्याने फोन ठेवला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

सकाळी पाहते तर सगळ्या देवांची आंघोळ झालेली आणि लक्ष्मी कापसात गुंडाळून कोपऱ्यात. "आता हात नाही लावायचा," आई म्हणाली. "माझ्याच हाताने बेकार झालं ना ते."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभराच्या पूजेला एका दुपारीत गुन्हा ठरवून मोकळे झाले सगळे, आणि तिनेही तो कबूल केला! अरे, किंमत मागणाऱ्यावर ठरते ना? मग या नाण्याला रोज पहाटे उठून मागणारी एक बाई आमच्या घरात आहे. राणीच्या रुपयाने असं एक तरी गिऱ्हाईक दाखवावं.

मी कापूस काढून फेकला आणि नाणं ताम्हनात ठेवलं. "आई, हिची आंघोळ राहिलीय."

"अगं, उरलंसुरलंही जाईल."

"जाऊ दे. सगळं जाऊ दे."

मग अंगठ्याने चाचपून तिने लक्ष्मी सुलटी केली आणि दह्याची वाटी पुढे ओढली.