प्राजक्ताच्या आईचा निरोप

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मला आडवळणानं बोलायची सवय नाही. तरी या एका गोष्टीपाशी आले की — बघा, आत्ताच थांबले.

माझी ईरा सातवीत होती आणि मी तिच्या वर्गाची पालक प्रतिनिधी होते. शाळेत माझं वजन होतं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत मी न विचारता शिरायचे. पालकसभेची वेळही मीच ठरवायचे — बुधवारी सकाळी अकरा. त्या वेळी कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

त्या वर्षी विज्ञान शिबिराला वर्गातून एकच मूल जाणार होतं. चाचणीत पहिली आली प्राजक्ता, दुसरी ईरा. पालकानं ठरल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत येऊन संमतीपत्रावर सही करायची होती. प्राजक्ताचे वडील ट्रक घेऊन बाहेरगावी होते, आई वंदनाताई हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगला. त्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला.

"ताई, माही पाळी तीनले सुटते. मले यायले चार वाजतीन. मॅडमले तेवढं सांगून ठेवजा."

"सांगते," मी म्हटलं.

खरंच सांगणार होते — असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. पण तीन वाजता वर्गशिक्षिकेनं घड्याळ पाहत विचारलं, "प्राजक्ताकडचं कुणी आलं नाही?" मी त्यांच्या समोरच बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरंच बोलले — "या लोकांना मुलांच्या शाळेचं कुठं काय पडलंय?"

मॅडमनी मान हलवली. माझ्यावर शंका का घ्यावी त्यांनी? असं बोललेलं लगेच खरं वाटतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी प्राजक्ताचं नाव खोडलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

चारला दहा कमी असताना वंदनाताई कंपनीच्या निळ्या एप्रनवरच धावत आल्या. मी फाटकापाशीच होते.

"सांगतलं होतं ना ताई मॅडमले?"

"सांगितलं होतं. पण नियम म्हणजे नियम."

त्यांनी एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुमी तरी बोलल्या आमच्यासाठी. कोन बोलते?"

आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

ईरा शिबिराला गेली. वंदनाताई पुन्हा शाळेत आल्या नाहीत. पुढच्या सभेत त्यांच्या नावापुढची जागा कोरी पाहून कुणीतरी म्हणालं, "यांना कितीही बोलवा, येत नाहीत." मी ऐकलं आणि पुढचा विषय घेतला. वर्ष संपलं तेव्हा प्राजक्ताच्या वडिलांनी तिचा दाखला काढून नेला. कुठल्या शाळेत घातलं, मी विचारलं नाही.

यंदा ईरा दहावीत आहे आणि मी पालक संघाची अध्यक्ष. सभा अजून बुधवारी अकरालाच असते.