पाचव्या कथेचं पत्र

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, पुण्याच्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही. देवाला ठाऊक असेलच, मग पुन्हा कशाला, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. आज तुम्हाला सांगायला बसले, तर एवढ्यात दोनदा उठून झालं. एकदा गॅस बंद आहे का ते पाहिलं. (होता.) एकदा वाळत घातलेले कपडे चाचपून आले. आता बसते.

मी पुण्याची. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन मद्रासला आले. आता चेन्नई म्हणायचं म्हणे, पण माझी जीभ वळत नाही. सासरचे तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले. मराठी माणसं म्हणून तर वडिलांनी मुलगी दिली. आणि पहिल्याच दिवशी जेवताना माझ्या थोरल्या नणंदबाई काहीतरी बोलल्या, तर मला कळेना — ही मराठी की तमिळ? शब्द बरेचसे आपले, चाल सगळी तमिळ, आणि मधेच एखादा शब्द असा, की जुन्या पोथीतून कोणी बाहेर येऊन पापड मागतंय! मी हसले. तेही भर पंगतीत. त्यांनीही हसून घेतलं, भली माणसं. शेजारपाजारचे तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणून मान देत, आणि मी बहिणीला पत्रातून त्यांच्या बोलण्याच्या नकला लिहून पाठवत असे.

हे का सांगते आहे? कारण पुढचं सगळं यातून आलं. आणि सरळ मुद्द्यावर यायला धीर होत नाही, हेही आहेच.

सुगुणा माझी एकुलती एक. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ, घरात नणंदबाईंच्या मांडीवर वाढलेली. मी त्यांना वन्सं म्हणे, सुगुणा आत्या. वन्सं तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. त्यामुळे पोरीच्या तोंडी त्यांचीच बोली बसली. मला 'अम्मा' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं, एवढा एक नियम मी लढून पाळून घेतला. बाकी सगळ्यात हरले.

आणि या मुलीला लेखिका व्हायचं होतं. इंग्रजीत नाही, तमिळमध्ये नाही, मराठीत! माझ्यासाठी पुण्याहून टपालानं एक मासिक यायचं, त्यातल्या कथांखालची नावं ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून बोटानं वाचत बसे. माझं नाव इथं छापून आलं पाहिजे, म्हणायची. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, चला, एवढ्या दूर येऊन काहीतरी आपलं रुजलं. मी तिला कागद आणले, शाईचं पेन आणलं, जेवणाचं टेबल दुपारी तिच्यासाठी रिकामं ठेवू लागले. हे म्हणत, "अभ्यास कोण करणार?" मी त्यांना गप्प करी. यात खोटं काही नाही. मी खरंच केलं.

तिचं देवनागरी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेत कधी शिकलीच नव्हती, मीच घरी पाटीवर शिकवलेलं. तेव्हा तिनं लिहायचं आणि मी सुवाच्य नक्कल करून मासिकाला पाठवायची, असं ठरलं. नक्कल. शब्द तर नक्कलच होता. पण मी काय करत होते? ती लिहायची घरातल्यासारखं, वन्संसारखं. मी उतरवताना ते पुसून माझं लिहायची. आधी एखादा शब्द. मग वाक्य. मग परिच्छेद. तिची माणसं माझ्या मराठीत बोलू लागली, सदाशिव पेठेतल्या हळदीकुंकवाला बसल्यासारखी. तिला मी दाखवलं का? दाखवलं की. ती वाचून म्हणायची, "किती छान झालं गे आई!" तिला वाटे, आईनं आपली घाण काढून दिली. मलाही तसंच वाटे — हे मात्र खोटं सांगत नाही.

चार कथा गेल्या, चारही साभार परत. ती रडायची नाही. नुसती विचारायची, कुठं चुकलं? मी म्हणे, अजून वाचन हवं.

पाचवी कथा वन्संवर होती. कोणीही तंजावरला निघालं, की वन्सं एग्मोर स्टेशनवर पोचवायला जायच्याच. केळीच्या पानात बांधलेला दहीभात, लिंबाचं लोणचं, आणि गार्डचं निशाण हलेपर्यंत खिडकीचा गज धरून गप्पा. भावाकडे आल्यापासून स्वतः मात्र कधी गाडीत बसल्या नाहीत. त्यांना कोण नेणार आणि कशाला? सुगुणानं कथेत त्यांना एक दिवस गाडीत बसवलं. निशाण हलतं, बाहेरून भाची ओरडते, आणि आत्या खिडकीतून म्हणते, "मी उतरत नाहीं म्हणून घरीं जाऊन सांग गे." बस. गाडी सुटते.

ते शेवटचं वाक्य मी तसंच राहू दिलं. का? कुकरची शिट्टी झाली म्हणून, की उतरवताना वन्संचा आवाजच कानात आला म्हणून? आजही सांगता येत नाही.

महिन्याभरानं दुपारी टपाल आलं. सुगुणा शाळेत. लिफाफ्यावर तिचं नाव होतं, तरी मी फोडला. नेहमीच फोडायचे, परत आलेली कथा तिच्या हाती पडण्याआधी मला पाहायची असे. पण आत कथा नव्हती, पत्र होतं. संपादकांनी स्वतः लिहिलेलं. लिहिलं होतं की कथेची कल्पना फार चांगली आहे, पण भाषा कोणीतरी नेसवल्यासारखी वाटते, निर्जीव. शेवटचं एक वाक्य तेवढं जिवंत आहे. ही तुमच्या घरची बोली असावी. सगळी कथा त्याच बोलीत पुन्हा लिहून पाठवा, अक्षर कसंही असो. आम्ही छापू.

आम्ही छापू.

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल! आनंद झाला का? नाही झाला. मला राग आला. निर्जीव म्हणजे मी. जिवंत म्हणजे ज्या बोलण्याला मी भर पंगतीत हसले ते. माझ्याच पुण्याचा, माझ्याच मासिकाचा संपादक मला सांगत होता, की बाई, तुम्ही बाजूला व्हा. आणि मग सुगुणाला माझी गरज काय राहिली? टेबल, कागद, ती दुपारची आम्ही दोघी — सगळं संपणार. ती वन्संच्या शेजारी जाऊन बसणार.

मी पत्र ट्रंकेत माझ्या पैठणीखाली ठेवलं. दोन दिवसांनी सांगू, म्हटलं. मग परीक्षा झाल्यावर सांगू. सुगुणा रोज फाटकाशी उभी. सुट्टी लागल्यावर तर अकरापासूनच. पोस्टमन तिला लांबूनच हात हलवून 'नाही' सांगायचा. वन्सं मला विचारायच्या, "पोरीचं कागद आलं नाहीं काय गे?" मी म्हणायचे, नाही.

ताकाला जाऊन भांडं किती लपवू? इथपर्यंतचं सांगून थांबले असते, तर कदाचित तुम्ही म्हणाला असता, होतं असं माणसाच्या हातून. पण मुख्य गोष्ट ही नाहीच.

त्याच सुट्टीत एका दुपारी सुगुणा माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते. ती समोर बसली, सूप स्वतःकडे ओढलं, आणि खडे वेचता वेचता म्हणाली, "आई, आपण घरांत बोलतों तसंच लिहूं का? आत्या बोलते तसं? मला तसंच ऐकूं येतं. शरी होईल का, चालेल का?"

कोणी सांगितलं नव्हतं तिला. स्वतःची स्वतः तिथपर्यंत आली होती, पंधरा वर्षांची पोर. पत्र शेजारच्या खोलीत होतं. उठून पाच पावलं.

मी हसले. पहिल्या दिवशी पंगतीत हसले होते तशीच. म्हटलं, "वेडी का खुळी? तसलं कोण छापतं? पुण्यात लोक पोट धरून हसतील."

तिनं उरलेले खडे वेचले, सूप माझ्याकडे सरकवलं आणि गेली. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. मी वाट पाहिली, खरं सांगते. आठ दिवस, महिना. टेबल रिकामं ठेवत राहिले. मग संपादकांना मीच कळवून टाकलं, की मुलीला आता लेखनात रस राहिलेला नाही, आणि त्यांचं पत्र न्हाणीतल्या बंबात घातलं. पुढच्याच वर्षी वन्सं गेल्या. त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, ऐकायचं, लिहायचं म्हटलं तरी आता कोणाजवळ?

सुगुणा आता तिशी ओलांडून गेली. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, सकाळी कंपनीच्या बसनं जाते. संसार चांगला आहे. रविवारी दोघं जेवायला येतात. मागच्या रविवारी पुण्याहून माझी भाची आलेली. तिनं बोलता बोलता विचारलं, "सुगुणाताई, तू लहानपणी कथा लिहायचीस ना?"

सुगुणानं भात कालवता कालवता वर पाहिलं. म्हणाली, "लिहायचे. पण मला ते जमण्यासारखं नव्हतं. जमत असतं तर एक तरी छापून आली असती. आईनं काही कमी केलं नाही, दोष माझाच."

हे ती स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली. वन्संचा एक शब्द त्यात नव्हता, एक हेल नव्हता. मी पानात सांबार वाढत होते. सुधारावं असं त्या बोलण्यात मला काही सापडलं नाही.