पाय सुटला की बाद

“पहिले पाय धुऊन घे. साबण लावून. मंग भैयाजी धुतीन.”

वारासिवनीला माझा सत्कार होता. मंडपामागे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीजवळ थांबून भैयाजींचा माणूस मला हे सांगत होता. त्याच्या हातात साबणाची नवी वडी होती, कागदसुद्धा निघालेला नव्हता. खास माझ्या पायांसाठी विकत आणलेली. आत लाउडस्पीकरवर माझंच नाव गाजत होतं. आशियाई मैदानी स्पर्धेत कांस्यपदक, वीस किलोमीटर चालण्याची शर्यत, आपल्या मातीची लेक. ही मातीची लेक स्टेजवर खुर्चीत बसणार होती आणि भैयाजी सगळ्यांसमोर तिचे पाय धुणार होते.

मी विचारलं, “काहून? ते धुणारच हायत ना?”

तो हसला. कुत्सित हसला असता तर बरं झालं असतं. लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, “अवं, त्यायले हात लावा लागते. मंग जेवाले बसा लागते. समजून घे ना बाई.”

मला समजलं. असल्या गोष्टी आमच्या पोरांना चालायला यायच्या आधी समजतात. मी वाकले आणि पाय घासले. टाचांच्या भेगा, बोटांच्या मधली जागा, सगळं. मी बूट घालायला गेले तर तो म्हणाला, “राहू दे, अशीच ये.”

भैयाजी म्हणजे आमच्या गावच्या जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा नातू. मालगुजारी कायद्याने केव्हाच गेली. पण गावाला सांगायचं राहून गेलं असावं. आमचं गाव मध्य प्रदेशात, रामपायलीच्या बाजूला, नहराच्या म्हणजे कालव्याच्या कडेला. नहराशेजारून एकच डांबरी रस्ता जातो आणि तो भैयाजींच्या फाटकासमोरून जातो. फाटकाच्या पलीकडे आमची टोली, गावाबाहेरची वस्ती. शाळेत जा, बसला जा, धानाच्या बांधीत रोपं लावायला, रोवण्याला जा, त्या फाटकासमोरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

आजीच्या काळी तिथून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. माझ्या काळी तसं कोणी सांगत नव्हतं. सांगायची गरजच उरली नव्हती. फाटकाच्या अलीकडे चिंचेचं झाड आहे. तिथे आलं की माझी माय वाकायची, चपला काढायची, हातात घ्यायची. फाटक मागे गेलं की पुन्हा पायात. हे सगळं बोलता बोलता. घरात तेल संपलं, अमकीच्या पोरीचं लग्न ठरलं, बोलणं कुठे तुटायचं नाही. मी पण तसंच करायची. मला वाटायचं, चिंचेखाली सगळेच चपला काढतात.

चौदा वर्षांची असताना बालाघाटच्या एका सरांनी मला शाळेच्या स्पर्धेत पाहिलं. मराठी घरचे, दोन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. माणूस चांगला. त्यांनी आपल्या मुलीचे जुने बूट मला दिले आणि चालण्याची शर्यत शिकवली. नियम सोपा होता. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. दोन्ही पाय सुटले की ते पळणं झालं, आणि पळणारा बाद. सर मोपेडवरून मागे यायचे आणि ओरडायचे, “पाय सुटला! पाय सुटला!” मला तो नियम फार आवडला. जमीन आमच्या नावावर कुठेच नव्हती. पण या खेळात पाऊल जमिनीला टेकलेलं असणं हाच कायदा होता.

बूट मिळाले त्याच आठवड्यात मी नहराच्या रस्त्यावर सराव करत होते. चिंच आली. चिंच गेली. बूट लेसने बांधलेले होते आणि मी वेगात होते. फाटकाशी भैयाजी खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. आजूबाजूला चार-पाच माणसं. भैयाजींनी मला बोटाने बोलावलं.

“कोनाची पोरगी?”

मी बापाचं नाव सांगितलं.

“बूट कोनाचे?”

“सरांनी दिले.”

“बरे हायत. काढ. हातात घे.”

मी काढले, हातात घेतले. भैयाजींनी चहाचा घोट घेतला.

“हातात नाही. डोक्यावर. अन् ते कंबर हालवत चालनं आमच्या दारासमोर नको.”

मी बूट डोक्यावर ठेवले आणि टोलीपर्यंत गेले. मागे सगळे हसत होते. समोरच्या बांधीत माय रोवण्याला होती. चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेत तिने एकदा कंबर सरळ केली, मला पाहिलं आणि पुन्हा वाकली. संध्याकाळी ती माझे पाय चेपत म्हणाली, “रस्ता त्यायचा हाय, पोरी.”

त्यानंतर मी भैयाजी उठायच्या आधी सराव करू लागले. कित्येक वर्षं. चोरी केल्यासारखी. मला माझीच चीड यायची, तरी जायची. त्या चोरीच्या सरावावर मी जिल्हा, राज्य, देश असं करत आशियाई स्पर्धेत पोहोचले.

स्पर्धा होती ते शहर दमट होतं. सकाळपासूनच अंग चिकचिकत होतं. पाय सुटल्याबद्दल मला पंचांची दोन लाल कार्डं पडली होती. आणखी एक पडलं असतं तर पदक गेलं असतं. शेवटच्या फेरीत कानात एकच आवाज होता, सरांचा. पाय सुटू देऊ नको. मी तिसरी आले आणि रेषेच्या पलीकडे रस्त्यावरच कोसळले.

दुसरी आलेली मुलगी जपानची होती. ती माझ्याजवळ आली, रस्त्यावर मांडी घालून बसली आणि माझा पाय तिने मांडीवर घेतला. बूट काढला. मोजा रक्ताने चिकटला होता, तो हळूहळू सोडवला. स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि गळ्यातल्या टॉवेलने पुसलं. कॅमेरे सगळे पहिल्या आलेल्या मुलीभोवती होते. आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. कोणाची पोरगी, हे तिने विचारलं नाही. मी ढसाढसा रडले. पाय दुखतोय म्हणून रडते, असं तिला वाटलं असणार.

गावी आले तर सत्कार ठरलेला होता. भैयाजी आता मोठे पुढारी. सरांनी बसमध्ये मला समजावलं.

“ते सर्वांसमोर तुझे पाय धुणार आहेत. मग स्टेजवरून जाहीर करणार आहेत की आजपासून नहराचा रस्ता तुझ्या सरावासाठी. कोणी अडवणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे, तू फक्त पाय पुढे कर. पुढच्या वर्षी याहून मोठी स्पर्धा आहे, आणि तुझ्याकडे दुसरा रस्ता नाही.”

खरंच नव्हता. बाकीच्या रस्त्यांवर रेतीचे डंपर आणि खड्डे. सपाट, सलग डांबर तेवढंच. नाही म्हटलं असतं तर रस्ता गेला असता. हो म्हटलं तर रस्ता मिळणार होता, पण भैयाजींनी दिलेला म्हणून. सरकारने बांधलेला, आमच्या टोलीच्या बायांनी गिट्टी वाहिलेला रस्ता. मी बसमध्ये गप्प बसले. सरांना वाटलं, पटलं.

ओल्या पायांनी मी स्टेजवर चढले. खुर्ची होती. खुर्चीपुढे पितळी परात, तांब्या, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. बाजूला भैयाजींसाठी पाट. मी खुर्चीत बसले नाही, उभी राहिले. मग लाउडस्पीकरवरून मायलाही वर बोलावलं.

माय निळ्या काठाचं नवं लुगडं नेसून आली होती. स्टेजच्या पायरीशी ती थांबली. वर सगळे पुढारी बूट घालून बसले होते, कोणी काढले नव्हते. माय वाकली. चपला काढल्या, हातात घेतल्या, पदराआड धरल्या आणि अनवाणी वर चढली. तिथे चिंच नव्हती, फाटक नव्हतं. फक्त भैयाजी होते. तेवढं पुरलं.

भैयाजींनी त्या चपलांकडे पाहिलं. किंचित मान हलवली. आपली वस्तू जागच्या जागी आहे ना, एवढंच पाहून घेतात तसं. आणि पाटावर बसले.

“पाय उचल, बेटी.”

कॅमेरे पुढे सरकले. मी मायच्या हातांकडे बघत होते.

“माय, चपला घाल.”

माइक जवळच होता. शब्द सगळ्या मंडपात गेले. माय गोंधळली.

“इथी?”

“हौ. इथीच.”

तिने आधी भैयाजींकडे पाहिलं. परवानगीसाठी. ते मी आजही विसरू शकत नाही. मग तिने चपला खाली टाकल्या. फट्ट असा आवाज झाला आणि तोही माइकने मंडपभर पोहोचवला. तिने एक पाय घातला. मग दुसरा.

“पाय उचल,” भैयाजी पुन्हा म्हणाले. आता बेटी नव्हतं.

पहिल्या रांगेतून सर दबक्या आवाजात ओरडले, “अगं, उचल ना पाय!”

मी म्हणाले, “सर, तुम्हीच शिकवलं. पाय सुटला की बाद.”

मग भैयाजींकडे वळले.

“पाय धुऊन झाले, भैयाजी. तुमच्याच मानसानं मांगं टँकरवर धुवाले लावले. साबन बी तुमचाच व्हता.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. परातीतल्या पाकळ्या तेवढ्या हलत होत्या. भैयाजी गुडघ्यावर हात ठेवून उठले. हात पाण्यात घातलेले नव्हते, तरी त्यांनी ते गमछ्याला पुसले. सावकाश, एकेक बोट. चेहऱ्यावर हसू तसंच. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, “रस्ता तं तोच हाय, बेटी. रोज तिथूनच जाशीन ना?”

लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मला कोणी शिवी दिलेली नाही. कोणी हात लावलेला नाही. सांगायला गेलं तर काहीच झालेलं नाही, आणि याचीच मला भीती वाटते. रोवणे सुरू झाले तेव्हा टोलीतल्या सगळ्या बायांना कामाचा निरोप आला, मायला आला नाही. सर फोनवर म्हणाले, काही दिवस बालाघाटला येऊन राहा, गावात नको. चिंचेखाली एक पांढरी गाडी उभी असते. आत दोघं-तिघं असतात. इंजिन चालू असतं. मी सरावाला निघाले की ती मागे येते. हॉर्न नाही, हाक नाही. मी जितक्या वेगाने चालते तितक्याच वेगाने. मी थांबले की थांबते.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथला मुंशी, तक्रार लिहून घेणारा हवालदार, म्हणाला, “रोड पे गाड़ी चलाना कोई जुर्म है क्या?” त्याने मला चहा विचारला आणि पदकाबरोबर फोटो काढून घेतला.

एका सकाळी चिंचेपासून फाटकापर्यंत बाटल्यांच्या काचा पसरल्या होत्या. सांडलेल्या नव्हत्या. रांगोळी घालावी तशा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसारख्या. मी घरी आले आणि मायला सांगितलं. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि निघाली. भर उजेडात, भैयाजी खुर्चीत चहा पीत असताना, तिने त्यांच्या फाटकासमोरचा रस्ता झाडला. चपला पायात होत्या. झाडून झाल्यावर काचा तिने त्यांच्या फाटकाशी गोळा करून ठेवल्या.

टोलीतल्या बुद्धविहारात म्हातारी माणसं म्हणतात, पदक मिळालं ना पोरी, आता शहरात निघून जा. त्यांचं प्रेम मला कळतं. पण मी गेले की उद्या टोलीतली दुसरी कोणी पोरगी चिंचेखाली वाकेल आणि तिला वाटेल, सगळेच वाकतात.

आज सकाळी गाडी इतकी जवळ आली की इंजिनची धग माझ्या पोटऱ्यांना लागली. अंगातला कण न् कण म्हणत होता, पळ. मला पळता येतं. मी गावात कोणाहीपेक्षा जोरात पळू शकते. गाडीत बसलेले तेवढ्याचीच वाट बघतायत, हे मला ठाऊक आहे. मी एकदा पळाले की ते हसतील, घरी जातील, आणि रस्ता कायमचा त्यांचा होईल. मी पळाले नाही. चिंच आली, फाटक आलं, फाटक गेलं.

उद्या पुन्हा जाणार आहे. उजाडल्यावर, भैयाजी खुर्चीत बसल्यावर. माय चिंचेखाली उभी राहणार आहे, चपला घालून. गाडी मागे असेल. कदाचित आजच्याहून जवळ असेल. त्यांनी धडक दिली तर द्यावी, सगळ्या गावासमोर द्यावी. मी बूट घालून चालणार आहे, आणि माझा पाय जमिनीवरून सुटणार नाही.