शेजारणीचं मीठ आणि माझा पाय

सत्तरच्या दशकात मी भिवंडीच्या कॉलेजात भाषा शिकवायचो आणि जवळच्या कोन गावात एका शेतकरी कुटुंबाशेजारी खोली घेऊन राहायचो. सोबतीला एक अट्टल चोर कुत्रा.

एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून दूर उत्तरेकडच्या कामचाटका द्वीपकल्पातल्या इटेल्मेन भाषेवरचं पुस्तक वाचत होतो. तिथलं क्रियापद कधीकधी म्हणे मालकाची बूज राखतं. माझ्या कुत्र्याला कुणी मारलं, तर मार कुत्र्याला, पण क्रियापदावर खूण माझी! मी खुशीत मांडीवर थाप मारली, तोच कुत्रा केकाटला.

पाठोपाठ शेजारच्या काकी धावत आल्या. हातात चुलीची लोखंडी फुकणी.

"मास्तर, मी तुमाला मारलं वो!"

मी स्वतःला चाचपून पाहिलं. इतक्यात कुत्रा आला, तीन पायांवर, तोंडात काकींचा सुका बोंबील.

"काकी, चोर तर हा आहे!"

"चोर कोन का असंना, पाय तुमचा मोडला. आमच्यात रीत हाय. दुसऱ्याच्या जनावराला मारलं, तर त्याचा पाय टेकंपरत धन्याला जेवन घालायचं, नि आपन मीठ खायचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून बोंबलाचं कालवण येऊ लागलं. लंगडणारा कुत्रा, अळणी जेवणाऱ्या काकी आणि ढेकर माझे! लाज वाटायची. गिळायचो मात्र. एकदा भांडं परत पाठवलं, तर काकी रडल्या. "धनी जेवला न्हाय तर पाप कसं फिटनार?"

पॉवरलूमवरून शिफ्ट संपवून येणारे काका ओरडायचे, "मास्तर, कुत्र्याला समजवा! हिचं जेवन अळनी, नि जीभ तिखट झालीय!"

मग एक दिवस कुत्रा मागच्या आवारात कोंबडीमागे चारी पायांवर धावताना दिसला. मी धावत सांगायला गेलो.

"तुमी मोठ्या मनाचे, म्हनून बोलता," काकी म्हणाल्या. गाल बसले होते त्यांचे. "मी बघल्याबिगर मीठ शिवनार न्हाय."

माझं खरंसुद्धा दया ठरलं. मी शरमेनं तिथंच बसून राहिलो. तेवढ्यात तो सोंगाड्या कुत्रा पुन्हा लंगडत आला, दोरीवरच्या बोंबलाला झोंबला. काकींचा हात सवयीनं फुकणीकडे गेला. कुत्रा बांधावरून सुसाट!

"मास्तर!" काकी आनंदानं किंचाळल्या. "पळालात वो तुमी! चारी पायांवर पळालात!"

आणि मडक्यातलं चिमूटभर मीठ त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटून.