कर्णधाराचा खांदा

पाटोद्यात संघाचा फोटो काढावा तर सिद्धारामनंच. वीस वर्षांत कबड्डीवाले, व्हॉलीबॉलवाले, लेझीमवाले, सगळ्यांना त्यानं ऊन बघून उभं केलं होतं. उंच मागं, बुटके पुढं, कर्णधार मधोमध. स्टुडिओच्या काचेत दुनियेची पोरं झळकत होती. आता पहिल्यांदा घरचं माणूस तिथं लागणार होतं. त्याची स्वप्नाली खो-खोची कर्णधार, आणि तिच्या संघानं जिल्ह्याची ढाल आणलेली! दहावीचं वर्ष, म्हणजे शाळेतला हा शेवटचाच फोटो. "पप्पा, ढाल माझ्या हातात पायजे बरं का," एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

मैदानावर बाराजणी कशा झोकात उभ्या राहिल्या. सिद्धारामनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष माणिकराव आले. एकटे कुठले यायला! मागं सात-आठजण, त्यांच्या मागं खुर्च्या घेऊन शिपाई. धावून धावून गुडघे फोडून घेतले पोरींनी, आणि फोटोत पुढची रांग कुणाची, तर ज्यांना जिना चढला तरी धाप लागते त्यांची! आपल्याकडं हे असंच चालतं आणि कुणी ब्र काढत नाही. ढाल अलगद माणिकरावांच्या मांडीवर गेली.

"साहेब, ढाल कर्णधाराकडं राहू द्या." बस, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. आणि तोंडातून निघालं काय? वीस वर्षं निघत आलं तेच.

"पोरींनो, मागं सरका. साहेबांना जागा द्या. स्वप्ने, तू कडंला हो. अजून थोडं."

अरे माणसा, पोटची पोर ना रे तुझी!

अध्यक्षांचा एक माणूस उशिरा आला, तो मधेच घुसला. रांग आणखी सरकली. सिद्धाराम मागं मागं गेला, तर पाठ भिंतीला टेकली. सगळे काही मावेनात.

"साहेब, जरा..."

"घे की बे लवकर, मला कडा गावाला जायचंय," माणिकराव म्हणाले.

सिद्धारामनं बटण दाबलं. म्हटलं, जाऊ दे, हे उठले की नुसत्या पोरींचा एक झकास काढू. पण माणिकराव उठले ते ढालीसकट. कड्यात चार लोकांना दाखवायची म्हणून ढाल गाडीत पडली आणि गाडी गेलीसुद्धा. गावोगावच्या पोरी दप्तरं उचलून एसटीकडं पळाल्या. कॅमेरा गळ्यात तसाच, आणि सिद्धाराम रिकाम्या खुर्च्यांपुढं उभा.

संध्याकाळी त्यानं स्टुडिओत फोटो कॉम्प्युटरवर उघडला. साहेब ऐटीत, ढाल लखलखीत, आणि अगदी कडेला स्वप्नालीचा एक खांदा. चेहरा नाहीच. त्यानं तो कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. आलंच नाही ते दिसणार कुठून?

स्वप्नाली कधी मागं येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही.

"उद्या साहेबांना ढाल मागतो. परत काढू," तो म्हणाला. माणिकरावांकडं काही मागायची आपली छाती नाही, हे त्याला माहीत होतं. तिलाही होतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, मी तुमच्याकडंच बघत सरकत होते," ती हळूच म्हणाली. "फोटोत कुठवर येतंय ते तुमाला ठाऊक असतंय ना. मला वाटलं, तुमी थांब म्हणताल."

सिद्धारामला मान वळवून तिच्याकडं बघवेना.